कोणाचा विभाजक? सहावीतल्या एका मुलीची वही

चाचणीच्या पेपरात एक प्रश्न होता: ८ चे पहिले पाच विभाज्य लिहा. तिने लिहिलं होतं १, २, ४, ८. पाचव्या जागी एक छोटी रेघ ओढून शेजारी बारीक अक्षरात शेरा होता, "पाचवा सापडला नाही."

मी तो शेरा दोनदा वाचला. ८ चे विभाजक, म्हणजे ज्यांनी ८ ला निःशेष भाग जातो त्या संख्या, चारच आहेत. तिने चारही शोधले होते आणि पाचवा नाही हे तिला नीट कळलं होतं. उत्तर शून्य गुणांचं, पण त्यामागचं काम चोख. चूक एवढीच की विचारले होते विभाज्य, म्हणजे ८, १६, २४ अशा ८ च्या पटी, आणि तिने काढले होते विभाजक.

या मुलीला मी आठवड्यातून दोनदा गणित शिकवत होते. वीसपर्यंतचे पाढे पाठ, भागाकार झरझर, वही नीटनेटकी. गणिताला घाबरणाऱ्या मुलांपैकी ती अजिबात नव्हती, आणि म्हणूनच तिचा पेपर मी जपून ठेवला. त्यात आणखी तीन उत्तरं अशी होती. '१२ चे सर्व विभाजक लिहा' याखाली १२, २४, ३६, ४८, ६० आणि पुढे 'इत्यादी'. '२४ आणि ३६ यांचा मसावि व लसावि काढा' याखाली मसावि (महत्तम सामाईक विभाजक) ७२, लसावि (लघुतम सामाईक विभाज्य) १२. आणि '५ हा १७ चा विभाजक आहे का?' याला उत्तर, 'हो. बाकी २.'

पहिली तीन उत्तरं एकाच आजाराची लक्षणं वाटत होती. चौथं वेगळं होतं. मी तेव्हा त्याकडे दुर्लक्ष केलं, ते करायला नको होतं.

पहिलं निदान

माझं निदान झालं, शब्दांचा घोटाळा. शब्द आहेतच तसे. भागाकार शिकताना मूल भाज्य, भाजक, भागाकार, बाकी हे चार शब्द शिकतं. त्यांची सवय होते न होते तोच विभाज्य, विभाजक, विभाज्यता पुढ्यात येतात. मग मूळ अवयव येतात, तेव्हा त्याच विभाजकाला अवयव म्हणायचं असतं. एकाच घरातली इतकी भावंडं एका वहीत नांदायला लागली की हाक कोणाला मारली आणि 'ओ' कोणी दिली, हे कळेनासं होतं.

म्हणून मी तिला शब्दांच्या शेपटाची युक्ती दिली. लेखक लिहितो, वाचक वाचतो, चालक चालवतो, तसा विभाजक भाग पाडतो. शेवटी 'क' आला की तो करणारा. विभाज्य मात्र पूज्य आणि त्याज्य यांच्या पंगतीतला: पूज्य म्हणजे ज्याची पूजा करायची, त्याज्य म्हणजे जे टाकायचं, विभाज्य म्हणजे ज्याला भाग जातो. तिला हे फार आवडलं. जुनी माणसं शून्यालाही 'पूज्य' म्हणत, हे सांगितल्यावर तर ती हसतच सुटली. (त्या पूज्याकडे पुढे यायचंच आहे.)

चार दिवस सगळं सुरळीत चाललं. विभाजकांची यादी मागितली की विभाजक, विभाज्यांची मागितली की विभाज्य. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली. पाचव्या दिवशी वही बंद करता करता सहज विचारलं, "१२ हा विभाजक आहे की विभाज्य?"

खरं म्हणजे हा प्रश्नच धड नाही. 'कोणाचा?' असा उलट प्रश्न येईल या अपेक्षेने मी तो टाकला होता. ती क्षणाचाही विचार न करता म्हणाली, "विभाज्य."

"का गं?"

"मोठा आहे ना, ताई. विभाजक लहान असतात, विभाज्य मोठे असतात."

"मग ५?"

"विभाजक."

"आणि १०?"

इथे ती अडली. बोटाने टेबलावर १० काढला, पुसल्यासारखं केलं आणि म्हणाली, "दहा मधलाच आहे. कुठेपण चालेल."

तर प्रकरण हे होतं. तिच्या डोक्यात संख्यांच्या दोन जाती होत्या. लहान संख्या त्या विभाजक, मोठ्या त्या विभाज्य, आणि मध्ये कुठेतरी कुंपण. सम-विषम ही जशी संख्येची स्वतःची ओळख असते, तशीच ही ओळख असावी असा तिचा समज होता. माझ्या 'क' आणि 'ज्य'च्या युक्तीने तो समज हललाही नव्हता, उलट दोन जातींना दोन स्वच्छ नावं मिळाली होती.

आणि 'विभाजक लहान, विभाज्य मोठे' हे वाक्य आलं कुठून? माझ्याकडूनच. पहिल्या आठवड्यात मी म्हटलं होतं, "एखाद्या संख्येचे विभाजक तिच्याहून लहान किंवा तिच्याएवढे असतात, विभाज्य तिच्याएवढे किंवा तिच्याहून मोठे." तिने वाक्य ठेवलं आणि 'तिच्याहून' गाळलं. मुलं वाक्यं अशीच ठेवतात, आठवायला सोपा तेवढा भाग. शिक्षकाने वाक्य पूर्ण बोललं म्हणून ते पूर्ण पोचतंच असं नाही.

'चा' नावाचं अक्षर

१२ हा ६० चा विभाजक आहे. १२ हा ४ चा विभाज्य आहे. १२ हा १२ चा दोन्ही आहे. १२ हा ७ चा यांपैकी कोणीच नाही. म्हणजे विभाजकपण १२ च्या अंगात नाही, ते १२ आणि दुसऱ्या एका संख्येच्या मध्ये आहे. हे तिला कसं सांगावं?

पहिला प्रयत्न नात्यांचा केला. तुझी आई तुझी आई आहे, पण तुझ्या आजीची ती मुलगी आहे. 'ती आई आहे की मुलगी?' या प्रश्नाला अर्थ नाही, कोणाची ते सांगावं लागतं. तिने मान डोलावली. मग तिने वाजवी शंका काढली. "पण १२ तर १२ चा पण विभाजक आहे. आई स्वतःचीच मुलगी कशी असेल?" उपमा तिथेच कोसळली. नात्यांची उपमा सगळेच देतात, मीही यापूर्वी दिली होती. पण १२ ला स्वतःच्याच विभाजकांत बसवायचं म्हटलं की ती मुलाला नेमकं उलट शिकवते.

सुटका 'पट' या शब्दाने केली. दुप्पट, तिप्पट, चौपट तिला लहानपणापासून ठाऊक होतं. "१८ ही तिप्पट आहे" असं कोणी म्हणत नाही, जिभेलाच ते खटकतं. "१८ ही ६ ची तिप्पट" असं म्हणावंच लागतं. आणि १२ ही १२ ची एकपट, यात काही विचित्र वाटत नाही. मग आम्ही नियम केला: 'विभाजक' आणि 'विभाज्य' हे शब्द 'चा', 'ची', 'चे' लावल्याशिवाय तोंडातून काढायचे नाहीत. तिच्याकडून चुकलं की मी टेबलावर टकटक करायची, माझ्याकडून चुकलं की तिने. पहिल्या दिवशी माझ्या नावावर टकटक जास्त होती.

याच दिवशी ते १७ आणि ५ चं उत्तर पुन्हा काढलं. ५ हा तिथे भाजक आहे, यात वाद नाही. १७ ला आपण त्याने भागलं. पण बाकी २ उरली, म्हणून तो १७ चा विभाजक नाही. भाजक होणं म्हणजे नुसतं भागायला बसणं, विभाजक होणं म्हणजे निःशेष भाग जाणं, बाकी शून्य. 'वि' हा एवढासा उपसर्ग ही अट घालतो, आणि हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. तिने १७ च्या खाली १७ = ३ × ५ + २ असं लिहिलं आणि '+ २' भोवती गोल केला. तिच्या दृष्टीने तो मुद्दा तिथे मिटला.

आठचा पाढा ऐंशीला का थांबतो

पुढची गोष्ट निघाली अशीच बोलता बोलता. "८ चे विभाज्य किती?" म्हटलं, तर म्हणाली, "दहा."

"८८?"

"तो पाढ्यात नाही."

बरोबरच होतं तिचं. आठ एके आठपासून आठ दाहे ऐंशीपर्यंत तिने विभाज्य शेकडो वेळा म्हटले होते, पण तिच्या लेखी तो पाढा होता, विभाज्यांची यादी नव्हे. आणि पाढा दहाला संपतो. पाढ्याने मुलांचं गणित पक्कं होतं यावर माझा विश्वास आहे, पण पाढा फक्त उताराने जातो. ८ हातात दिला की ८, १६, २४ मिळत जातात. २४ हातात देऊन 'आता मागे जा, तू कोणकोणाच्या पाढ्यात आहेस ते सांग' असं पाढा विचारत नाही. विभाजक शोधणं म्हणजे तो चढ चढणं.

चढात ती कुठे धापा टाकते ते ४८ वर कळलं. ४८ चे विभाजक तिने लिहिले १, २, ४, ६, ८, १२, २४, ४८. राहिले ३ आणि १६. कारण विचारलं तर म्हणाली, "तीनच्या पाढ्यात ४८ येत नाही." तीन दाहे तीस, पुढे रस्ता नाही. सोळा त्रिक अठ्ठेचाळीस तिला तोंडपाठ होतं, पण ते सोळाच्या घरात राहत होतं आणि ती तीनच्या घरात शोधत होती. तीन सोळे आणि सोळा तिना एकच, हे तिला माहीत नव्हतं असं नाही. माहीत असलेली गोष्ट हवी त्या क्षणी हाताशी आली नाही.

त्यासाठी आयतांचा उपयोग झाला. चौकटीच्या वहीत १२ चौकटींचे जेवढे आयत होतील तेवढे काढायला सांगितले: १ × १२, २ × ६, ३ × ४. आयत आडवा धरा की उभा, चौकटी तेवढ्याच, म्हणून एका आयतात दोन विभाजक एकदमच मिळतात. १३ चा एकच आयत झाला, लांबच लांब पट्टी. ३६ ला ती १ × ३६, २ × १८, ३ × १२, ४ × ९, ६ × ६ असं करत आली आणि थांबली. का थांबलीस विचारलं. "पुढे गेले तर तेच आयत आडवे होतील." दिलेल्या संख्येच्या वर्गमुळापर्यंत तपासलं की पुरतं, हा नियम पुस्तकात असतो, तिने तो न सांगता शोधला, आणि वर्गमूळ हा शब्दही त्यात आला नाही. ६ × ६ मध्ये मात्र जोडीला जोडीदार नव्हता, म्हणून ३६ चे विभाजक नऊ झाले, विषम. तिने ते वहीच्या समासात टिपून ठेवलं: 'चौरस होतो तेव्हा विषम.'

ठिपक्यांचा तक्ता

आता मला हवं होतं ते एक चित्र, ज्यात विभाजक आणि विभाज्य दोन्ही दिसतील आणि तरी ते एकच दिसेल. चौकटीच्या वहीचं पान आडवं धरून २४ आडव्या ओळी आणि २४ उभे रकाने आखले. ओळींना वरून खाली १ ते २४ क्रमांक दिले, रकान्यांना डावीकडून उजवीकडे १ ते २४. नियम एकच: ओळीच्या संख्येने रकान्याच्या संख्येला निःशेष भाग गेला की तिथे ठिपका. पहिली ओळ भरगच्च. दुसरीत एकाआड एक ठिपका. तिसरीत दोन सोडून एक. बाराव्या ओळीत दोनच ठिपके, १२ आणि २४ खाली. तेराव्या ओळीपासून प्रत्येकीत एकच.

ठिपके देऊन झाल्यावर मी बाराव्या रकान्यावर पट्टी उभी ठेवली आणि वरून खाली वाचायला सांगितलं. ठिपके होते १, २, ३, ४, ६ आणि १२ या ओळींत. ती वाचत गेली आणि सहावर आल्यावर आवाज बदलला. "हे तर १२ चे विभाजक!" मग पट्टी तिसऱ्या ओळीवर आडवी ठेवली: ३, ६, ९, १२, १५, १८, २१, २४. ३ चे विभाज्य. तिसरी ओळ आणि बारावा रकाना जिथे एकमेकांना छेदतात तिथल्या ठिपक्यावर तिने पेन्सिल टेकवली. "हा ठिपका कोणाचा?" तिने मलाच विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं: आडवं गेलं की १२ हा ३ चा विभाज्य, उभं गेलं की ३ हा १२ चा विभाजक.

या एका ठिपक्यासाठी मी आधीचे पंधरा दिवस भरकटले होते. दोन व्याख्या दोन दिवशी शिकवल्या की त्या दोन वस्तू होतात. तक्त्यात वस्तू एकच, ठिपका. फरक फक्त तुम्ही पट्टी कशी धरता त्याचा.

मग ती तक्त्यात रमली आणि मी गप्प बसले. १३ चा रकाना बघून तिने दोनच ठिपके असलेले सगळे रकाने शोधले: २, ३, ५, ७, ११, १३, १७, १९, २३. या मूळ संख्या. १ च्या रकान्यात एकच ठिपका, म्हणून तो मूळही नाही आणि संयुक्तही नाही. 'एक मूळ का नाही' हा नेहमीचा वाद या पानावर सुरूच झाला नाही. तिरक्या रेघेच्या खालचा अर्धा कागद कोरा होता. तो बघून ती म्हणाली, "संख्येपेक्षा मोठा विभाजक नसतोच." हेच मी पहिल्या आठवड्यात सांगितलं होतं, फक्त या वेळी 'संख्येपेक्षा' हा शब्द वाक्यात होता.

आणि मग तिला चूक सापडली. विषम ठिपक्यांचे रकाने मोजताना १, ४, ९, १६ या चौरसांबरोबर २० आणि २१ हेही आले. २० खाली सात ठिपके, २१ खाली तीन. "पण २० चौरस नाही," ती म्हणाली, "२१ पण नाही." तिने समासातली टीप काढली, रकाने पुन्हा तपासले, आणि सातव्या ओळीत जाऊन थांबली. सात त्रिक एकवीसचा ठिपका २१ ऐवजी २० खाली पडला होता. तो तिने खोडून जागेवर नेला. मला ही चूक दिसली नव्हती.

शेवटी तक्त्याच्या डावीकडे शून्याचा रकाना जोडला. १ ने शून्याला निःशेष भाग जातो, २ ने जातो, २४ नेही जातो. रकाना वरपासून खालपर्यंत भरला, कोऱ्या अर्ध्या कागदाची मांडणीच बिघडली. "हाच का तो पूज्य?" तिने विचारलं. शाळेत विभाज्यांची यादी सहसा त्या संख्येपासूनच सुरू होते, म्हणून शून्य दिसत नाही. पण पूर्ण संख्यांमध्ये शून्य धरला तर तो प्रत्येकीचा विभाज्य आहे, शून्यपट. शून्याची ओळ मात्र आम्ही आखली नाही, कारण शून्याने भागत नाहीत.

मसावि लहान आणि लसावि मोठा, असं कसं?

मसावि ७२ आणि लसावि १२ हे तिचं उत्तर निव्वळ अदलाबदल नव्हतं. त्याला तर्क होता. महत्तम म्हणजे सगळ्यात मोठा, म्हणून मोठी संख्या मसावि. लघुतम म्हणजे सगळ्यात लहान, म्हणून लहान संख्या लसावि. मराठी ज्याला कळतं त्याची हीच चूक व्हायची. दोष मुलीचा नाही. लघुरूपाच्या पहिल्या अक्षरात 'म' आणि 'ल' डोळ्यात भरतात आणि शेवटचा 'वि' दोघांत सारखाच, त्यामुळे विभाजक कुठला आणि विभाज्य कुठला हे त्या लघुरूपातून पुसलंच जातं.

दोन्ही याद्या काढल्या. २४ चे विभाजक १, २, ३, ४, ६, ८, १२, २४ आणि ३६ चे १, २, ३, ४, ६, ९, १२, १८, ३६. सामाईक १, २, ३, ४, ६, १२. यातला महत्तम १२. विभाज्यांमध्ये २४, ४८, ७२, ९६ आणि ३६, ७२, १०८. पहिली गाठ ७२ ला. महत्तम आहे तो २४ पेक्षा मोठ्या न होऊ शकणाऱ्या संख्यांमधला. लघुतम आहे तो ३६ पेक्षा लहान न होऊ शकणाऱ्यांमधला.

तिने एक प्रश्न विचारला, जो मला आजवर कोणी विचारला नव्हता. "मग लघुतम सामाईक विभाजक का नाही शिकवत?"

"काढ बरं."

तिने याद्या बघितल्या. १. दुसऱ्या दोन संख्या घेतल्या. पुन्हा १. "नेहमी १ च येणार." मग स्वतःहून, "आणि महत्तम सामाईक विभाज्य?" ७२, १४४, २१६ असं ती लिहीत गेली आणि पेन्सिल ठेवून दिली. तो कधी येणारच नाही. चार शक्यतांपैकी एकीचं उत्तर नेहमी १, एकीला उत्तरच नाही, उरलेल्या दोन शिकण्याजोग्या. त्या दिवसानंतर मसावि आणि लसावि यांची अदलाबदल तिच्या वहीत मला दिसली नाही.

इथे एक आडवळण घेतलं, त्याचा पश्चात्ताप नाही. ४२ सेंटिमीटर आणि ३० सेंटिमीटर लांबीच्या दोन कागदी पट्ट्या घेतल्या. दोन्ही पट्ट्यांचे, काही उरू न देता, सारख्या लांबीचे सगळ्यात मोठे तुकडे किती लांबीचे? याद्या न करता उत्तर काढायचं. ३० ची पट्टी ४२ वर ठेवली, जास्तीचे १२ कापले. ३० मधून १२ कापले, १८ उरले. १८ मधून १२, उरले ६. १२ मधून ६, उरले ६. दोन्ही तुकडे सारखे झाले, संपलं. मसावि ६. मोठ्यातून लहान वजा करत जाण्याची ही रीत युक्लिडने इ.स.पू. ३०० च्या सुमाराला लिहून ठेवली, आणि तो 'भाग जातो' असं म्हणतच नाही, लहान संख्या मोठीला 'मोजते' म्हणतो. आर्यभटाने इ.स. ४९९ मध्ये मांडलेल्या कुट्टकातही, म्हणजे समीकरणांची पूर्णांकी उत्तरं काढण्याच्या रीतीतही, अशीच पाळीपाळीने भागण्याची क्रिया आहे. 'मोजते' हा शब्द तिला पटला, कारण तिच्या हातात ६ सेंटिमीटरचा तुकडा होता आणि तो दोन्ही पट्ट्यांना मोजत होता, एकीला पाच वेळा, एकीला सात वेळा.

तीन आठवड्यांनी

मधल्या तीन आठवड्यांत हा विषय काढला नाही. मग काही न सांगता तीन गणितं दिली. पहिली दोन नेहमीची: एक दिवा दर ८ सेकंदांनी, दुसरा दर १२ सेकंदांनी लुकलुकतो, एकदम कधी लुकलुकतील, आणि ४५ व ७५ सेंटिमीटरच्या दोऱ्यांचे सारखे तुकडे. २४ आणि १५, दोन्ही बरोबर. तिसरं मुद्दाम फसवं होतं. १२ सेंटिमीटर रुंद आणि १८ सेंटिमीटर लांब अशा आयताकृती फरशा सगळ्या एकाच दिशेने लावून लहानात लहान चौरस करायचा आहे, त्याची बाजू किती? 'फरशी दिसली की मसावि' असा ठोकताळा मुलं कुठून तरी उचलतात, आणि इथे तो आपटतो.

तिने आधी कागदाच्या कोपऱ्यात लिहिलं, 'उत्तर १२ पेक्षा लहान की १८ पेक्षा मोठं?' मग एक फरशी काढली, शेजारी दुसरी. चौरस फरशीहून लहान असूच शकत नाही. उत्तर ३६, फरशा सहा.

सगळं सुधारलं असं नाही. ९१ ला तिने मूळ संख्या ठरवलं. २, ३, ५ ने भाग जात नाही हे बरोबर तपासलं, ७ ला आली आणि सात दाहे सत्तरला थांबली. ७ × १३ तिच्या पाढ्याच्या पलीकडे होतं, तेराच्या घरात. पाढा दहाला संपवायची सवय काही तीन आठवड्यांत जात नाही. ५१, ५७, ८७, ९१ या संख्या तिला अजून काही दिवस फसवतील असं मी नोंदवून ठेवलं.

जाताना तिला एक काम दिलं होतं: १०० पर्यंतच्या संख्यांत सर्वांत जास्त विभाजक कोणाला? पुढच्या वेळी ती ६० घेऊन आली, बारा विभाजक: १, २, ३, ४, ५, ६, १०, १२, १५, २०, ३०, ६०. तासाची मिनिटं साठच का, याचा अंदाज तिने त्यावरून स्वतःच बांधला. एकटी ६० च का, असं मी विचारलं. त्याच्या पुढच्या वेळी कागदावर पाच संख्या होत्या: ६०, ७२, ८४, ९०, ९६. पहिल्या चौघींसमोर बारा-बारा विभाजक मांडलेले. ९६ समोर अकरा.

"हिला बारा नाहीत का?" मी विचारलं.

"असणारच," ती म्हणाली. "अकरा म्हणजे विषम, आणि ९६ काही चौरस नाही. एक कुठेतरी राहिलाय." तिने जोड्या लावायला सुरुवात केली. १ आणि ९६. २ आणि ४८. मग ३ वर बोट ठेवलं आणि समोर कोणी सापडतं का बघत राहिली.

"तीन दाहे तीस," ती पुटपुटली, आणि या वेळी तिथे थांबली नाही.